हिमनदीच्या वस्तुमानातील बदल: छायाचित्रे, रडार की लेसर?

डोंगरी हिमनदीच्या पृष्ठभागाची उंची दोन वेगवेगळ्या वेळी मोजून त्यांतील फरकावरून वस्तुमानातील घट काढायची असेल, तर उपग्रहांवरील छायाचित्रांच्या जोड्या, रडार आणि लेसर असे तीन मार्ग उपलब्ध आहेत. एकाच हिमनदीचा दहा-वीस वर्षांचा हिशेब हवा असेल, तर सुरुवात छायाचित्रांपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

टेरा उपग्रहावरील ॲस्टर हे उपकरण 2000 पासून सरळ खाली आणि मागे रोखलेल्या दुर्बिणींनी एकच भूभाग दोन कोनांतून टिपत आले आहे. त्यावरून तयार होणाऱ्या एकेका उंची-नकाशात कित्येक मीटरची चूक असू शकते आणि ताज्या, एकसारख्या पांढऱ्या हिमावर तर दोन छायाचित्रांतील बिंदू जुळतच नाहीत. परंतु वर्षानुवर्षांचे असे अनेक नकाशे एकत्र घेतले की कल विश्वासार्हपणे हाती लागतो. 2000 ते 2019 या काळात जगभरातील हिमनद्यांनी वर्षाला सरासरी 267 अब्ज टन बर्फ गमावला, हा 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज प्रामुख्याने याच संग्रहावर उभा आहे.

रडारला ढग आणि अंधार आड येत नाहीत. फेब्रुवारी 2000 मधील अंतराळयान-मोहिमेचा एसआरटीएम नकाशा म्हणूनच अनेकांना आयता आरंभबिंदू वाटतो, पण येथे फार जपून पाऊल टाकावे लागते. त्या रडारच्या लहरी कोरड्या हिमात काही मीटर आत शिरत असल्यामुळे नोंदलेला पृष्ठभाग खऱ्यापेक्षा खाली दिसतो, आणि नंतरच्या छायाचित्री नकाशाशी त्याची तुलना केली की झालेली झीज कमी भरते. टॅनडेम-एक्स या रडार-उपग्रहांच्या जोडीच्या आखूड लहरी तुलनेने कमी खोल जातात. तरीही दोन्ही मोजण्या एकाच प्रकारच्या लहरींच्या आणि एकाच ऋतूतील असाव्यात.

आइससॅट-2 या उपग्रहाचा हिरवा लेसर 2018 पासून पृष्ठभागाची उंची फार बारकाईने मोजतो. मात्र त्याच्या सहा किरणांच्या तीन जोड्या एकमेकींपासून सुमारे 3.3 किलोमीटर दूर पडतात, त्यामुळे अरुंद दरीतील हिमनदी त्यांच्यामधून सहज निसटते. संपूर्ण पर्वतरांगेच्या सरासरीसाठी तो उत्तम आहे. एकट्या हिमनदीसाठी मात्र त्याचा उपयोग इतर नकाशे पडताळण्यापुरता धरावा.

कोणतीही दोन साधने निवडली, तरी वजाबाकीपूर्वी हिमनदीबाहेरच्या स्थिर खडकांवर नकाशे एकमेकांशी जुळवून घेणे अटळ आहे, कारण 30 अंशांच्या उतारावर नकाशा आडवा 10 मीटर सरकलेला असेल, तर उंचीत जवळजवळ 6 मीटरचा खोटा फरक दिसतो, आणि तो हिमनदीच्या काही वर्षांच्या खऱ्या झिजेहूनही मोठा असू शकतो.

शेवटी घनफळाचे वस्तुमान करताना घनमीटरला 850 किलो, अधिक-उणे 60, ही घनता सर्रास वापरली जाते. हा आकडा पाच वर्षांहून मोठ्या कालखंडासाठी सुचवलेला आहे. एका-दोन वर्षांच्या फरकाला तो लावू नये, कारण एवढ्या अवधीत उंचीतला बदल बर्फाऐवजी नुसत्या ताज्या हिमाच्या थराचाही असू शकतो.