फोटोशॉप की गिंप? आधी कोरा कागद उघडून बघा

लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, मंडळाचा फ्लेक्स, इन्स्टाच्या पोस्ट अशी कामं नव्यानं करायला घेणारा माणूस पहिल्या आठवड्यातच विचारतो, ‘फोटोशॉपचं भाडं भरू, की फुकटातलं गिंप चालेल?’ मी त्याला उलट विचारतो, काम शेवटी कुठं जाणार? प्रेसमध्ये की मोबाइलवर? फोटो कापणं, उजळणं, लेयरवर लेयर (थरावर थर) चढवणं दोन्हीकडे होतं. फरक कळतो तो नवा कागद उघडायला कंट्रोल-एन दाबल्यावर.

फोटोशॉपमध्ये नवीन डॉक्युमेंटची खिडकी उघडली की वर फोटो, प्रिंट, वेब, मोबाइल असे कप्पे दिसतात. प्रिंटमधला ए-फोर घेतला की 210 बाय 297 मिलिमीटर आणि 300 रिझोल्यूशन (इंचाला 300 पिक्सेल) भरून येतं, म्हणजे 2480 बाय 3508 पिक्सेल. उजवीकडे रुंदी, उंची, रिझोल्यूशन, कलर मोड सगळं डोळ्यांसमोर असतं. गिंपची खिडकी साधी. वर टेम्प्लेटची यादी (ए-फोर तिथंही आहे), खाली रुंदी-उंची. रिझोल्यूशन मात्र ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’च्या आड मिटून ठेवलेलं. नवखा माणूस ते उघडतच नाही, पिक्सेलचे आकडे अंदाजानं टाकतो आणि छापताना कार्ड भलत्याच मापाचं निघतं. मोबाइलवरच्या पोस्टसाठी 1080 बाय 1080 टाकायचं असेल, तर रिझोल्यूशन काही का असेना, पिक्सेल तेवढेच राहतात. तिथं गिंप बिनधास्त वापरा.

फ्लेक्सचं गणित वेगळं. दहा बाय आठ फुटांचा बॅनर आहे आणि ‘क्वालिटी चांगली हवी’ म्हणून कुणी 300 रिझोल्यूशन टाकलं, तर कागद होतो 36,000 बाय 28,800 पिक्सेलचा. आरजीबीत (स्क्रीनच्या लाल-हिरवा-निळा या रंगपद्धतीत) नुसती कोरी पांढरी लेयरच तीन जीबीच्या वर जाते. फोटोशॉप कागद उघडून देतं, पण पीएसडी या त्याच्या नेहमीच्या फाइलची मर्यादा एका बाजूला 30,000 पिक्सेल आणि एकूण 2 जीबी. त्यामुळे सेव्ह करताना पीएसबीत (मोठ्या कागदांसाठीच्या फाइलप्रकारात) करावं लागतं, आणि तोवर कॉम्प्युटर रडकुंडीला आलेला असतो. गिंप दारातच अडवतं. कागद सेटिंगमधल्या मर्यादेपेक्षा मोठा झाला की ‘एवढा खरंच हवाय का?’ असं विचारतं. तोच बॅनर 72 वर केला तर 8640 बाय 6912, म्हणजे जेमतेम 180 एमबी. फ्लेक्स लांबून बघायचा असतो, त्याला तेवढं बहुतेक वेळा पुरतं. तरी छापणाऱ्याला आधी फोन करून विचारा.

आता कलर मोड, म्हणजे रंग कोणत्या पद्धतीत मोजायचे ते. माझ्या मते निर्णय इथंच होतो. फोटोशॉपमध्ये कोरा कागदच सीएमवायकेत (छपाईच्या सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक या चार शायांत) काढता येतो. गिंपमध्ये नवीन कागद आरजीबी किंवा ग्रेस्केल, बस्स. 2025 च्या मार्चमध्ये आलेल्या 3.0 मध्ये सीएमवायके प्रोफाइल (छपाईत रंग कसे उतरतील याची नोंद) लावून छपाईचा अंदाज घेता येतो, जेपीजी आणि टिफ सीएमवायकेत एक्स्पोर्टही होतात, पण काम करताना तुम्ही आरजीबीतच असता. यानं काय बिघडतं? पत्रिकेतला ‘आपले कृपाभिलाषी’खालचा बारीक मजकूर घ्या. आरजीबीतला शुद्ध काळा फोटोशॉपच्या नेहमीच्या अमेरिकन प्रोफाइलमधून बदलला तर साधारण सायन 75, मॅजेंटा 68, यलो 67, ब्लॅक 90 असा चार शायांचा काळा होतो. मशीनवर एक प्लेट केसभर सरकली की प्रत्येक अक्षराला रंगीत सावली. सीएमवायकेच्या कागदावर तोच मजकूर नुसत्या 100 टक्के काळ्यात ठेवता येतो. एका पत्रिकेत मी स्वतः हे भोगलंय. नवरीच्या आजोबांचं नाव गुलाबी कडेसह छापून आलं होतं.

मराठी टायपिंगचा सामना मात्र गिंप जिंकतं. युनिकोड फॉन्ट निवडा, टाइप करा, जोडाक्षरं जागच्या जागी. जुन्या फोटोशॉपमध्ये ‘शिवजयंती’ लिहिलं की पहिली वेलांटी ‘श’च्या उजवीकडे जाऊन बसायची आणि ‘वर्धापन’मधला रफार पायमोडका दिसायचा. उपाय होता: प्रेफरन्सेसमधून दक्षिण आशियाई लिप्यांचं टेक्स्ट इंजिन निवडायचं, मग पॅराग्राफ पॅनेलमधून वर्ल्ड-रेडी कंपोझर (अशा लिप्यांची अक्षरं नीट जुळवणारा पर्याय). नव्या आवृत्त्यांत ही कटकट बरीच कमी झालीय. तुमच्याकडे जुनी असेल तर पहिल्याच दिवशी तपासा.

सेव्ह करताना दोघंही नवख्याला चकवतात. गिंपमध्ये सेव्ह म्हणजे फक्त एक्ससीएफ, गिंपची स्वतःची फाइल. जेपीजी हवी तर एक्स्पोर्ट. एक्स्पोर्ट करूनही बंद करताना ‘बदल सेव्ह नाहीत’ म्हणून विचारतं, तेव्हा घाबरू नका, पण लेयर हव्या असतील तर एक्ससीएफ ठेवाच. फोटोशॉप पहिल्याच सेव्हला क्लाउड की कॉम्प्युटर असं विचारतं, घाईत क्लाउडवर क्लिक होतं आणि दुसऱ्या दिवशी फोल्डरमध्ये फाइल सापडत नाही.

गिंप घेणार असाल तर 3.0 किंवा पुढचंच घ्या. आधीच्या आवृत्त्यांत पेस्ट केलेला फोटो ‘फ्लोटिंग सिलेक्शन’ म्हणून अधांतरी लटकायचा, आता सरळ नवी लेयर होते.

तर, प्रेसशी रोजची देवाणघेवाण असेल, समोरून लेयरवाल्या पीएसडी येत असतील, तर फोटोशॉपचं भाडं धंद्याचा खर्च म्हणून धरा. 2013 पासून त्याच्या नव्या आवृत्त्या भाड्यानंच मिळतात, भरणं थांबलं की सॉफ्टवेअरही थांबतं. महिन्याला चार पोस्ट आणि एखादं वाढदिवसाचं बॅनर एवढंच काम असेल, तर गिंपवर हात बसवा. चित्रं काढायची असतील तर दोन्ही सोडून क्रिता बघा, तेही फुकट, आणि त्यात सीएमवायकेचा कोरा कागदही मिळतो. आणि आज संध्याकाळीच कुणाच्या पीएसडीत फक्त तारीख बदलायची असेल, तर काहीच इन्स्टॉल करू नका. ब्राउझरमध्ये फोटोपी ही वेबसाइट उघडा आणि फाइल आत ओढा. फाइल सर्व्हरवर जात नाही, काम तुमच्याच मशीनवर चालतं. फक्त ज्या फॉन्टमध्ये पत्रिका बसवलीय, तो आधी मागून घ्या.