'काँट्रा': तीन लाइफ आणि पुन्हा तोच धबधबा

भुसावळच्या मे महिन्यात दुपारी घराबाहेर पाऊल टाकणे शक्य नसे, तेव्हा आम्ही भावंडे कूलरसमोर ठाण मांडून, टीव्हीला जोडलेल्या स्वस्त यंत्रावर 'काँट्रा' या धावत-गोळ्या झाडत पुढे जायच्या व्हिडिओ गेमची कॅसेट खेळत असू. यंदा भाच्याच्या निंटेंडो स्विच या गेम खेळायच्या यंत्रावर 'काँट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन' हाती आले. हा खेळ बनवणाऱ्या कोनामी या जपानी कंपनीने हा संग्रह २०१९ साली, म्हणजे आपल्या पन्नासाव्या वर्षी काढला. त्यात १९८७ चा मूळ आर्केड (म्हणजे नाणे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावरचा) खेळ आणि १९८८ मध्ये घरगुती यंत्रांसाठी आलेली आवृत्ती असे दोन्ही असल्यामुळे त्यांची तुलना शेजारी शेजारी करता येते.

घरगुती आवृत्ती मुळापेक्षा सरस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आर्केडचा पडदा उभा आणि अरुंद असल्याने समोरचे फारसे दिसत नाही, आणि शत्रू अगदी अंगावर आल्यावरच कळतो. घरगुती यंत्राची ताकद त्या मानाने तोकडी होती. पण कोनामीने नुसती नक्कल न करता खेळ नव्याने बांधला, पडद्याची रुंदी वापरली आणि मुळात सलग असलेला शेवटचा भाग बर्फाळ प्रदेशापासून परग्रहवासीयांच्या गुहेपर्यंत वेगवेगळ्या, लांब स्टेजमध्ये विभागला. त्यामुळे एकूण आठ स्टेज झाल्या आणि प्रत्येकीला स्वतःचा चेहरा मिळाला.

संग्रहातली फॅमिकॉम या निंटेंडोच्या जपानमधल्या घरगुती यंत्रासाठीची आवृत्ती तर आवर्जून पाहावी. त्या कॅसेटमध्ये कोनामीची स्वतःची व्हीआरसी२ चिप होती. तिच्यामुळे जंगलातली झाडे डोलतात, बर्फाच्या स्टेजमध्ये खरोखर बर्फ पडतो आणि स्टेजच्या आधी नकाशा दिसतो. अमेरिकी कॅसेटमध्ये यातले काहीच नाही, आणि लहानपणी आम्हीही ती झाडे स्तब्धच पाहिली होती.

खेळ अवघड आहे, यात शंका नाही. लाइफ तीनच मिळतात, एक गोळी लागली की एक लाइफ जाते आणि मेहनतीने मिळवलेली, पाच गोळ्या पंख्यासारख्या फेकणारी 'एस' बंदूकही हातची जाते. मात्र हा अवघडपणा अन्यायाचा नाही. धावत येणारे सैनिक सोडले, तर तोफा आणि दबा धरून बसलेले बंदूकधारी ठरलेल्या जागीच असतात. उडी मारल्यावर हवेतही दिशा बदलता येते आणि पालथे पडून गोळी चुकवता येते. पहिल्या स्टेजमधला पूल पायाखाली तुकड्यातुकड्याने उडत जातो, तो एकदा जीव घेतो. दुसऱ्या वेळी मात्र पाय आपोआप वेग धरतात.

तिसऱ्या स्टेजच्या धबधब्याला एकत्र खेळणाऱ्या दोघांचा खरा कस लागतो. वर चढणाऱ्याबरोबर पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला खेळाडू पडद्याबाहेर जाऊन मरतो. "मामा, थांबा, मी अजून खाली आहे!" असे भाचा ओरडेपर्यंत त्याची दोन लाइफ माझ्या घाईने गेली होती. तेव्हापासून आम्ही "चल" म्हटल्यावरच उडी मारतो, आणि वरून गडगडत येणारे दगड ज्याच्या बाजूला असतील त्याने आधी सांगायचे, असा नियम केला आहे.

संग्रहात हवे तिथे खेळ जतन करण्याची सोय आहे, पण पहिल्यांदा खेळताना ती वापरू नये, कारण दर दोन उड्यांनंतर जतन केले की हाताला वळण लागतच नाही. वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी-डावी-उजवी-बी-ए दाबून तीस लाइफ घेणे त्यापेक्षा कितीतरी चांगले. जॉय-कॉन या स्विचसोबतच्या कंट्रोलरच्या सुट्या बटणांवर तिरका नेम धरायला वेळ लागतो, म्हणून सलग दिशाबटण असलेला गेमपॅड असल्यास तोच घ्यावा. जुनी रेखाटने असलेले डिजिटल पुस्तकही सोबत आहे; ते सवडीने चाळण्यासारखे आहे.

आम्ही दोघे सध्या सातव्या स्टेजमध्ये, छतावरून खाली येणाऱ्या लोखंडी पंजांपाशी अडकलो आहोत.