गठ्ठे विकायचे की वस्तू बनवायच्या?

प्लॅस्टिक कचऱ्यातून बायकांना आणि तरुणांना काम द्यायचं एका गटानं पक्कं केलंय. पण माल निवडून, दाबून गठ्ठे विकावेत की वितळवून वस्तू बनवाव्यात, यावर गाडी अडलीय.

भांडवलाचा फरक उघड आहे. निवडीला छप्पर, टेबलं, हातमोजे, वजनकाटा आणि दाबयंत्र पुरतं. वस्तूंसाठी तुकडे करणारा क्रशर, साचे आणि भरवशाची वीज हवी.

रोजगार मात्र निवडीतच जास्त, कारण ते हाताचं काम आहे. झाकण काढायचं, लेबल सोलायचं, तळाच्या त्रिकोणातला, प्लॅस्टिकची जात सांगणारा आकडा बघायचा: १ म्हणजे पेट (पाण्याच्या बाटल्यांचं), २ एचडीपीई (शाम्पूच्या बाटल्या, कॅनचं), ५ पीपी (डबे, झाकणांचं). आकडा पुसलेला असेल तर तुकडा पाण्यात टाका. पेट बुडतं, बाकीची दोन्ही तरंगतात. काही दिवसांत नुसत्या स्पर्शानं माल ओळखू येतो. या कौशल्याला रोजंदारी द्या. किलोवर मजुरी दिली की निवड घाईची होते.

धोका वितळवण्यात आहे. एचडीपीई सुमारे १३० अंशांना वितळतं, पेटला २५० च्या आसपास लागतात. सरमिसळ झाली की वस्तू ठिसूळ होते. पीव्हीसीचा (पाइपांच्या प्लॅस्टिकचा) तुकडा फार तापला तर हायड्रोजन क्लोराइड हा विषारी वायू सुटतो, घसा नि डोळे जळतात. कोंदट खोलीत हे काम कुणालाही देऊ नका.

वस्तूला किलोमागे जास्त मिळतं, पण गिऱ्हाईक आधी हवं.

हाताशी भांडवल कमी आणि माणसं जास्त असतील तर गठ्ठेच. स्वच्छ, एकाच जातीचा माल नियमित येत असेल, ऑर्डर हातात असेल आणि यंत्र सांभाळणारं कुणी असेल, तर वस्तूंकडे वळा.