सेवेच्या ‘पास’साठी पैसे मागणाऱ्या माणसापासून सावध राहा : कोलकात्यातला आमचा अनुभव

वसईतल्या आमच्या धर्मग्रामाच्या (म्हणजे पॅरिशच्या) युवा संघाचे ७३,६०० रुपये कोलकात्यातल्या एका माणसानं लुबाडले. मे महिन्याच्या सेवाशिबिरांची आखणी बरेच युवा संघ नाताळ झाला की सुरू करतात, आणि हा माणूस नेमका त्याच सुमाराला गाठतो. म्हणून घडलं तसं सगळं लिहिते आहे.

पैसे कसे जमले होते ते आधी सांगते. पोरांनी डिसेंबरच्या थंडीत वाडीवाडीत कॅरोल गायले, सणाच्या दिवशी फुग्यांचा स्टॉल लावला, हाऊजीची तिकिटं घरोघरी नेऊन विकली. एका आजीनं पेन्शनमधले दोनशे रुपये पाकिटात घालून दिले, वर लिहिलं होतं ‘मदरच्या गरिबांसाठी’. चोरी झाली ती या पैशांची.

आमच्या धर्मग्रामात मदर तेरेसांविषयी फार जिव्हाळा आहे. २०१६ साली त्यांना संतपद मिळालं तेव्हा आज शिबिराला निघालेली मुलं अगदी लहान होती. त्यांनी कालिघाटचं निर्मल हृदय पाहावं, मरणाच्या दारातल्या माणसांसाठी मदरनी १९५२ साली उघडलेल्या त्या घरात चार दिवस कपडे धुवावेत, जेवण भरवावं, एवढीच आमची इच्छा होती. बत्तीस जण, आठ रात्री. एवढी मुलं परक्या शहरात न्यायची, तर आधी कुणीतरी जाऊन पाहणं भागच होतं. राहण्याची जागा, तिथून सेवेच्या घरांपर्यंतचं अंतर, मुलींसाठी वेगळी खोली, जवळचं हॉस्पिटल, पिण्याचं पाणी, हे फोनवर कळत नाही. म्हणून युवा संघाचा अध्यक्ष, खजिनदार आणि मी अ‍ॅनिमेटर, म्हणजे संघाची मार्गदर्शक म्हणून, असे तिघं गीतांजली एक्सप्रेसनं निघालो. सिस्टरांना द्यायला सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, घेतली होती.

राहण्यासाठी आम्ही एक अतिथिगृह निवडलं होतं. चर्चशी संबंधित, जुनं, नावाजलेलं. त्याचा नंबर गुगल मॅप्सवरून घेतला. त्या नोंदीतला फोन नंबर कुणीही ‘दुरुस्ती सुचवा’ म्हणून बदलायला देऊ शकतं, आणि तिथे अतिथिगृहाच्या नंबराऐवजी या माणसाचा नंबर चढला होता. म्हणजे आम्ही निघण्याआधी अतिथिगृहाशी जेवढं बोललो, ते सगळं याच्याशीच.

तो आम्हाला गेटवरच भेटला. गळ्यात ओळखपत्र, हातात जपमाळ. आमच्या फादरांची तब्येत नावानिशी विचारली, कारण फोनवर आम्हीच ते नाव सांगितलं होतं. रविवार होता, आवारात कुठलासा मेळावा चालला होता, माणसांची ये-जा सुरू होती. वॉचमनशी तो बंगालीत दोन शब्द बोलला आणि आम्हाला थेट वर घेऊन गेला. डॉर्मिटरी दाखवली, जेवणघर दाखवलं, गच्चीवर कपडे वाळत घालायची जागासुद्धा दाखवली. इमारत खरी, खाटा खऱ्या, भिंतीवरचा क्रूस खरा. वॉचमनला त्यानं काय सांगितलं होतं ते आम्हाला फार उशिरा कळलं : ‘मुंबईचे पाहुणे आहेत, जागा बघून जातील, बुकिंग उद्या ऑफिसात करतील.’

ऑफिस रविवारी बंद असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दर माणशी रात्रीला साडेचारशे रुपये, निम्मी रक्कम आगाऊ. म्हणजे ५७,६००. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर संस्थेचं नाव न येता एका व्यक्तीचं नाव आलं. आमच्या खजिनदारानं लगेच विचारलं. उत्तर तयार होतं : संस्थेच्या खात्याचं ऑडिट सुरू आहे, हे आमच्या अकाउंटंटचं खातं, पावती संस्थेचीच मिळेल. पावती मिळालीही. लेटरहेड, शिक्का, नोंदणी क्रमांक, सही, सगळं होतं.

मग त्यानं सेवेच्या ‘पास’चा विषय काढला. मदरच्या घरांमध्ये मोठा गट घ्यायचा तर प्रत्येकाचा पास काढावा लागतो, माणशी पाचशे, शिवाय आधारच्या प्रती. निळ्या काठांच्या पट्ट्यांचं, मदरचा फोटो असलेलं नमुन्याचं कार्डही त्यानं दाखवलं. सोळा हजार रुपये तिथे गेले, आणि वसईला परतल्यावर मुलांचे आधार व्हॉट्सअ‍ॅपवरून गेले. पैशांपेक्षा मला या आधारांची काळजी जास्त आहे. त्यांत अठरा वर्षांखालची मुलं आहेत.

प्रकार उघडकीला आला तो आमच्या कॉन्व्हेंटमधल्या एका वयस्कर सिस्टरमुळे. पास हातात घेऊन त्या म्हणाल्या, ‘बाय, मदरच्या घरी सेवेला कधीपासून पैसे पडायला लागले?’ त्यांनी धर्मप्रांताच्या (डायोसिसच्या) डिरेक्टरीतून अतिथिगृहाचा खरा नंबर काढून दिला. तिकडून उत्तर आलं, असं बुकिंग नाही, असा माणूस आमच्याकडे नाही. त्याच दुपारी त्याचा मेसेज आला, बससाठी आणखी १८,००० पाठवा.

आम्ही १९३० या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे तोवर एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात गेले होते. ११,००० रुपये एका खात्यात गोठवले गेले, तेही अजून आमच्या हाती आलेले नाहीत. फसवणूक लक्षात आल्याबरोबर, घरच्यांना सांगण्याच्याही आधी, १९३० लावा. जेवढा वेळ जातो तेवढे पैसे पुढे सरकतात. ‘गुन्हा कोलकात्यात घडला, तिकडे तक्रार करा’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. व्यवहाराचे स्क्रीनशॉट, यूटीआर क्रमांक (बँक व्यवहाराचा ओळख क्रमांक) आणि चॅट पुसू नका, पावती जपून ठेवा.

आधारच्या बाबतीत आम्ही सगळ्या पालकांना बोलावलं आणि आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून प्रत्येक मुलाचं बायोमेट्रिक लॉक केलं. ज्यांच्या नावावर सिम आहे त्यांनी संचार साथी या सरकारी पोर्टलवर जाऊन आपल्या नावावर किती मोबाइल कनेक्शन आहेत ते तपासलं. यापुढे ओळखीसाठी द्यावं लागलंच तर मास्क्ड आधार द्यायचं. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात आणि ओळख पटवायला ते पुरेसं असतं.

आता कोलकात्यात खरी पद्धत काय आहे ते. मदरनी स्थापन केलेल्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या घरांमध्ये स्वयंसेवक म्हणून जायला एक पैसाही लागत नाही. नोंदणी आपण स्वतः जाऊन करायची असते. सिस्टर बोलतात, कामाचं घर ठरवून देतात. आचार्य जगदीशचंद्र बोस रोडवरच्या मदर हाऊसमध्ये, म्हणजे संस्थेच्या मुख्य घरात, सकाळी मिस्सा (प्रार्थनाविधी) होतो, मग स्वयंसेवकांना चहा, पाव आणि केळं मिळतं, आणि जो तो आपापल्या घराकडे निघतो. गुरुवारी स्वयंसेवकांना सुट्टी असते. राहण्याची सोय संस्था करत नाही, ती आपली आपणच करावी लागते, आणि याच गरजेवर हे लोक टपलेले असतात. मोठा गट नेणार असाल तर आपल्या फादरांच्या सहीचं पत्र आधी पाठवा.

राहण्याच्या जागेचे पैसे ऑफिस उघडं असताना, टेबलापलीकडच्या माणसासमोर, संस्थेच्या नावाच्या बँक खात्यातच भरा. त्यासाठी एक दिवस जास्त थांबावं लागलं तरी थांबा. नंबर नकाशावरून घेऊ नका, धर्मप्रांताच्या डिरेक्टरीतून किंवा तिथल्या धर्मगुरूंकडून घ्या. आमच्या वित्त समितीनं आता ठरवलं आहे की कुठल्याही व्यक्तीच्या खात्यावर संघाचे पैसे जाणार नाहीत, मग कारण काहीही असो.

तो माणूस ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणून फोन उचलायचा आणि ठेवताना आमच्यासाठी प्रार्थना करायचा. चर्चमध्ये वाढलेल्या मुलांना या शब्दांवर शंका घ्यायला आपण कधी शिकवत नाही, आणि शिकवायला मला आजही जड जातं. पण पैशांची बोलणी आणि प्रार्थना एकाच फोनवर चालली असतील, तर फोन ठेवून आपल्या फादरांना विचारा, हे मात्र आम्ही मुलांना सांगितलं आहे.

नाशिककडच्या एका युवा संघाला नुकताच असाच फोन आला. नंबर वेगळा होता, पण पासचा दर तोच, पाचशे रुपये. त्यांनी पैसे भरले नाहीत, आणि तो नंबर आम्ही तपास अधिकाऱ्यांकडे दिला आहे.