वागातोरच्या एका तासासाठी गेलेले ४५ हजार रुपये

गेल्या आठवड्यात इचलकरंजीच्या एका मुलाने मला गोव्यातल्या वागातोरला होणाऱ्या त्याच्या डीजे कार्यक्रमाचे पोस्टर पाठवले आणि ते पाहताच माझ्या पोटात गोळा आला. माड, जांभळा प्रकाश, अक्षरांची ठेवण, सारे तेच होते; फक्त जिथे वर्षापूर्वी माझे नाव होते, तिथे आता त्याचे होते. त्याने अजून पैसे भरलेले नाहीत, आणि त्याच्यासारखे आणखी कितीतरी असतील, म्हणून हे लिहितो आहे.

मी सांगलीत लग्नसराईत आणि गणपतीत डीजे वाजवतो आणि रात्री घरी सायट्रान्स या वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचे ट्रॅक करतो. पहिला ट्रॅक स्पॉटिफायवर आला, तेव्हा एका गृहस्थाने इन्स्टाग्रामवरून ‘प्लेलिस्ट प्रमोशन’चे, म्हणजे ट्रॅक गाण्यांच्या याद्यांत घालून देण्याचे, ५,००० रुपये घेतले आणि पंधरा दिवसांत ट्रॅक १४,००० वेळा वाजला. आईने देवापुढे पेढे ठेवले. त्याच वेळी आकडेवारी नीट वाचली असती, तर इतक्या वेळा वाजलेला ट्रॅक स्वतःच्या यादीत जपणारे तिघेच आहेत आणि जवळजवळ सगळे श्रोते हेलसिंकीचे आहेत, हे दिसले असते. स्पॉटिफायवर ३० सेकंद गाणे वाजले की एक श्रवण मोजले जाते, आणि तेवढे वाजवायला माणूस लागत नाही.

मग त्याच आकड्यांचा दाखला देऊन तो म्हणाला, “भावा, आता तू गोव्याच्या लायकीचा झालास.” आधी त्याने मला यश विकले आणि नंतर त्याच यशाच्या जोरावर दुसरी वस्तू विकली, ही या फसवणुकीची खरी मेख आहे. वागातोरला खुल्या मंचावर रात्री १ ते २ हा स्लॉट, त्याची फी ४०,००० रुपये, करारपत्रावर शिक्का, आणि संध्याकाळपर्यंत पैसे न आल्यास स्लॉट दुसऱ्याला.

खरे तर खूण समोरच होती. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांतला निर्बंध देशभर लागू आहे. सांगलीच्या वरातीत दहा वाजता पोलिसांनी माझाच आवाज कितीदा बंद केला आहे. तरीही गोव्यात सारे चालत असेल, असे मी धरून चाललो आणि पैसे भरले. शिवाय वाजवणाऱ्याला मानधन मिळते, तो आयोजकाला पैसे देत नाही, हे लग्नाच्या सुपारीत कधी विसरलो नव्हतो.

रेकॉर्डबॉक्स या डीजेंच्या सॉफ्टवेअरमधून गाण्यांचे दोन पेनड्राइव्ह तयार करून, एक निकामी झाला तर दुसरा असावा म्हणून, मी आंबोलीमार्गे वागातोरला पोहोचलो. पोस्टरवरच्या जागी माडांच्या बुंध्यांना बांधलेली मासेमारीची जाळी वाळत होती. शेजारच्या दुकानदाराने असा कार्यक्रम ऐकलाच नव्हता. सांगलीहून त्या जागेच्या मालकाला एक फोन केला असता, तर हे सारे वाचले असते.

पुढच्याच महिन्यात वितरकाने, म्हणजे माझी गाणी स्पॉटिफायवर पोहोचवणाऱ्या कंपनीने, माझा ट्रॅक काढून टाकला. २०२४पासून स्पॉटिफाय उघड बनावट श्रवणासाठी वितरकांकडून ट्रॅकमागे दंड घेते आणि तो माझ्या खात्यातून वळता झाला.

लाजेपोटी मी घरी नऊ दिवस काही बोललो नाही. नंतर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, यूटीआर, म्हणजे बँकेने व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक, आणि गप्पांचे स्क्रीनशॉट दिले. पण रक्कम त्याच रात्री पुढे तीन खात्यांत गेली होती. पैसे सरकण्याआधी फोन झाला, तरच ते गोठवता येण्याची शक्यता असते. इचलकरंजीच्या त्या मुलाला मी १९३० हा क्रमांक आणि वागातोरच्या दुकानदाराचा फोन नंबर दिला आहे.