फिलाडेल्फियातल्या जळालेल्या चर्चची पायी सहल: एका इतिहासाच्या शिक्षिकेचा अभिप्राय

फिलाडेल्फियाला येणारा मराठी माणूस लिबर्टी बेल या ऐतिहासिक घंटेसमोर फोटो काढतो, १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा जिथे मंजूर झाला ती इमारत बघतो, आनंदीबाई जोशी याच शहरातून १८८६ साली डॉक्टर झाल्या याची आठवण काढतो आणि संध्याकाळी न्यू जर्सीला परततो. आम्ही मुलीकडे न्यू जर्सीतल्या चेरी हिलला आलो तेव्हा तिने आमच्यासाठी वेगळ्याच सहलीचं बुकिंग केलं होतं. विषय होता या शहरात धर्मावरून आणि कातडीच्या रंगावरून झालेले दंगे. एक बाई एकट्याच ही सहल चालवतात. त्या स्वतंत्रपणे काम करतात म्हणून त्यांचं नाव इथे देत नाही, पण ठिकाणं सगळी देते. माणशी ३० डॉलर, वेळ साधारण अडीच तास, बरोबर दहा-बारा जण. साताऱ्याजवळच्या एका शाळेत मी वर्षानुवर्षं नववी-दहावीला इतिहास शिकवला आहे, त्यामुळे कोणी इतिहास सांगायला उभं राहिलं की मी नीट कान देऊन ऐकते. पैसे वसूल झाले का, असं विचाराल तर पुरेपूर झाले.

सुरुवात होते चौथ्या रस्त्यावर, व्हाइन स्ट्रीटच्या अलीकडे. बेंजामिन फ्रँकलिन पुलाचा अवाढव्य सांगाडा डोक्यावर आणि त्याच्या सावलीत दोन जुनी चर्च, जवळजवळ समोरासमोर. एक सेंट जॉर्ज, पोपला न मानणाऱ्या प्रॉटेस्टंटांपैकी मेथडिस्ट पंथाचं, १७६९ पासून वापरात असलेलं, बाहेरून अगदी साधं. दुसरं सेंट ऑगस्टिन, पोपला मानणाऱ्या कॅथलिकांचं. बाईंनी आम्हाला दोन्हींच्या मधे उभं केलं आणि जवळजवळ अर्धा तास तिथून हलू दिलं नाही. सहलीतला सगळ्यात चांगला अर्धा तास तोच.

सेंट जॉर्जची गोष्ट अशी. अठराव्या शतकाच्या शेवटी इथे गोरे आणि काळे एकाच छताखाली प्रार्थनेला येत. रिचर्ड अ‍ॅलन हे गुलामीतून स्वतःचे पैसे भरून सुटलेले उपदेशक. त्यांच्यामुळे काळ्या भाविकांची गर्दी वाढत गेली. चर्चमध्ये नवा सज्जा बांधायला आणि नवी जमीन घालायला या लोकांनीही भरघोस वर्गणी दिली होती. मग एका रविवारी त्यांना सांगण्यात आलं की तुम्ही आता सज्जात बसायचं. ते वर गेले, गुडघे टेकले, प्रार्थना सुरू झाली, आणि ती चालू असतानाच एक विश्वस्त अ‍ॅलन यांचे सहकारी अ‍ॅब्सालम जोन्स यांना धरून उठवायला लागला. त्यांनी गुडघे टेकले होते ती जागाही त्यांच्यासाठी नव्हती म्हणे. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढंच जोन्स म्हणाले. तो थांबेना. त्याने दुसऱ्याला हाक मारली. प्रार्थना संपली आणि सगळे काळे भाविक एकत्र उठून बाहेर पडले. अ‍ॅलन यांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे. ज्या जमिनीला वर्गणी दिली, तिच्यावर गुडघे टेकायची मुभा नाही. बाई हे सांगताना आवाज अजिबात चढवत नाहीत. आमच्या गटात मात्र कोणी हललं नाही.

मग त्यांनी आम्हाला पाठमोरं फिरवलं. समोर सेंट ऑगस्टिन. हे चर्च बांधायला वर्गणी देणाऱ्यांत खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन होते. ८ मे १८४४ च्या रात्री जमावाने ते जाळलं. त्याच दिवशी उत्तरेला केन्सिंग्टनमध्ये सेंट मायकल चर्च आणि नन्सचं घरही जाळलं होतं. सेंट ऑगस्टिनमधला मोठा ग्रंथसंग्रह राख झाला. वेदीमागच्या भिंतीवर 'देव पाहतो आहे' अशा अर्थाचा मजकूर तेवढा शिल्लक राहिला होता, असं सांगतात. आज आहे ती इमारत नंतर उभी राहिली. आत फिलिपिनो समाजाने आणलेली सांतो निन्योची, म्हणजे बाळ येशूची मूर्ती आहे.

हे कशावरून झालं? शाळेत रोज सकाळी कुठलं बायबल वाचायचं यावरून. पेनसिल्व्हेनियाच्या सरकारी शाळांत प्रॉटेस्टंटांचं किंग जेम्स बायबल वाचलं जाई. आयर्लंडहून आलेल्या कॅथलिकांची मुलं तेच ऐकत. बिशप फ्रान्सिस केनरिक यांनी १८४२ मध्ये शाळामंडळाला पत्र लिहून विनंती केली की कॅथलिक मुलांना त्यांचं डुए बायबल वाचू द्या. मागणी एवढीच. पण गावभर बोभाटा झाला की हे पोपचे लोक शाळेतून बायबलच हद्दपार करायला निघालेत. परदेशातून आलेल्यांना मताधिकार उशिरा मिळावा म्हणून झटणाऱ्या एका नव्या पक्षाने केन्सिंग्टनच्या आयरिश वस्तीतच सभा लावल्या. ६ मेला तिथे गोळ्या चालल्या आणि दोन दिवसांत चर्च पेटली. जुलैमध्ये दक्षिणेकडे साउथवार्कमध्ये सेंट फिलिप नेरी चर्चभोवती पुन्हा दंगल झाली. त्यात शिबंदीने तोफा डागल्या आणि जमावाकडेही तोफा होत्या.

इथे माझी पहिली तक्रार. किंग जेम्स आणि डुए यांत असं काय वेगळं होतं की त्यावरून चर्च जाळावं, हे बाईंनी दोन वाक्यांत उरकलं. गटातल्या बाकीच्यांना ते घरूनच माहीत असणार. आपल्याला नसतं. मी हात वर करून विचारलं तेव्हा त्यांनी चांगलं समजावलं. कॅथलिक बायबलमध्ये काही जादा ग्रंथ आहेत आणि समासात धर्मसंस्थेच्या टिपा आहेत. प्रॉटेस्टंटांचा आग्रह असा की माणसाने टीपाटिप्पणीशिवाय स्वतः वाचावं, म्हणून शाळेतही तसंच वाचत. म्हणजे वरवर सर्वांना समान दिसणारा नियमच मुळात एका पंथाचा होता. हे न विचारता सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही.

तिथून सहाव्या रस्त्याकडे चालत गेलो. रेस स्ट्रीटजवळ पेनसिल्व्हेनिया हॉलची निळी पाटी आहे. इमारत नाही, नुसती पाटी. गुलामी बंद करा म्हणणाऱ्यांना शहरात कोणी सभागृह भाड्याने देईना, म्हणून त्यांनी शेअर विकून ४०,००० डॉलरच्या आसपास खर्चून स्वतःचं सभागृह बांधलं. १४ मे १८३८ ला उद्घाटन झालं. १६ तारखेला अँजेलिना ग्रिम्के बोलत होत्या. समोर काळ्या आणि गोऱ्या बायका एकत्र बसलेल्या होत्या आणि खिडक्यांवर दगड पडत होते. त्या बोलत राहिल्या. १७ ला महापौर जॉन स्विफ्ट यांनी हॉलला कुलूप लावून किल्ल्या ताब्यात घेतल्या, जमावाला घरी जायला सांगितलं आणि स्वतः निघून गेले. जमावाने त्यांचा जयजयकार केला आणि दरवाजे फोडले. आगीचे बंब आले, त्यांनी आजूबाजूच्या घरांवर पाणी मारलं. हॉलवर मारलं नाही. दुसऱ्या दिवशी जमाव काळ्या अनाथ मुलांच्या आश्रमावर चालून गेला.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. ती अर्पणपत्रिका मी दरवर्षी वर्गात वाचून दाखवत असे. त्या सज्जनांना आपल्याच गावात, आपल्याच शेजाऱ्यांकडून काय सोसावं लागलं हे त्या पाटीखाली उभं राहून ऐकलं. अर्पणपत्रिकेतल्या शब्दांचं वजन मला तिथे कळलं. मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी जोतीरावांचं नाव वहीत लिहून घेतलं आणि स्पेलिंग दोनदा विचारलं.

पुढे आर्च स्ट्रीटवरचं क्वेकरांचं सभागृह, १८०४ मध्ये बांधलेलं. क्वेकर म्हणजे पाद्रीशिवाय शांत बसून प्रार्थना करणारा ख्रिस्ती पंथ. बॉस्टनच्या प्युरिटनांनी, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंटांनी, त्यांना हाकलून दिलं, चौघांना तर फाशी दिलं. त्यातल्या मेरी डायर या १६६० मध्ये फासावर गेल्या. विल्यम पेन हे स्वतः क्वेकर, त्यांनी वसवलेल्या या वसाहतीत धर्मासाठी छळ होऊ नये म्हणून १७०१ मध्ये सनद दिली. अमेरिकेत गुलामीविरुद्ध सगळ्यात आधी जे बोलले त्यांत क्वेकर होते. आणि याच सभागृहात काळ्या भाविकांसाठी वेगळं बाक होतं. सारा मॅप्स डग्लस या शिक्षिका लहानपणी आईबरोबर इथे येत. हे बाक काळ्यांचं आहे असं इतरांना सांगितलेलं त्यांच्या कानावर पडे. मोठेपणी त्यांनी ते लिहून ठेवलं. आमच्या ह्यांचा गुडघा दुखतो, त्यामुळे आम्ही दोघं तिथे टेकलो होतो. साराबाईंचं ऐकल्यावर हे उठून उभे राहिले.

सहावा रस्ता आणि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना राहत होते त्या घराची जागा आहे. तिथे त्यांच्या घरातल्या नऊ गुलामांची नावं दगडात कोरली आहेत. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याने सहा महिने राज्यात राहिलेला गुलाम सुटकेचा दावा करू शकत असे, म्हणून मुदत भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर फिरवून आणत. त्यातली ओनी जज ही तरुणी १७९६ मध्ये पळून गेली आणि पुन्हा हाती लागली नाही. या थांब्यावर फार गर्दी होती. लिबर्टी बेलची रांग शेजारीच असल्याने बाईंचा आवाज पोचत नव्हता आणि त्यांनीही घाई केली. माझ्या मते हा थांबा पहिला घ्यावा, सकाळी लवकर.

शेवटचा टप्पा लांब आहे. सहाव्याच रस्त्याने खाली लोंबार्ड स्ट्रीटपर्यंत. इथे मदर बेथेल चर्च. सेंट जॉर्जमधून बाहेर पडलेल्या रिचर्ड अ‍ॅलन यांनी ही जागा १७९१ मध्ये विकत घेतली. लोहाराचं एक जुनं दुकान घोड्यांनी ओढत इथे आणलं आणि १७९४ मध्ये त्यात चर्च सुरू केलं. तेव्हापासून जागा त्याच लोकांच्या ताब्यात आहे. आजची भव्य दगडी इमारत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. तळघरात अ‍ॅलन यांची समाधी आहे.

बाईंनी सगळे धागे इथे एकत्र आणले. १७९३ मध्ये शहरात पिवळा ताप आला आणि सुमारे ५,००० माणसं गेली. श्रीमंत गाव सोडून पळाले. काळ्यांना हा ताप होत नाही असा तेव्हा समज होता. अ‍ॅलन आणि जोन्स यांच्या लोकांनी रोगी सांभाळले, प्रेतं पुरली, आणि त्यांच्यातलीही माणसं मेली. नंतर मॅथ्यू केरी नावाच्या प्रकाशकाने लिहिलं की काही काळ्या परिचारिकांनी लोकांना लुबाडलं. अ‍ॅलन आणि जोन्स यांनी १७९४ मध्ये जमाखर्चासकट त्याला छापील उत्तर दिलं. हे केरी कोण? आयर्लंडहून आलेले कॅथलिक. अमेरिकेत पहिलं डुए बायबल छापलं ते यांनीच, १७९० मध्ये, फिलाडेल्फियात.

आणि १ ऑगस्ट १८४२ ला वेस्ट इंडिजमधल्या गुलाममुक्तीच्या आठवणीसाठी दारूबंदीवाल्या काळ्या मंडळींची मिरवणूक याच भागातून निघाली, तेव्हा तिच्यावर तुटून पडलेल्या जमावात आयरिश कॅथलिक मोठ्या संख्येने होते. त्यांनी काळ्यांचं एक प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंटांच्याच आणखी एका पंथाचं, चर्च जाळलं. दोन वर्षांनी त्यांची स्वतःची चर्च जळाली. त्या १८४२ च्या जमावाला रॉबर्ट पर्व्हिस या काळ्या नेत्याच्या घरापासून एका कॅथलिक धर्मगुरूनेच परतवलं, असंही सांगितलं जातं. जाळणारे कोण आणि जळणारे कोण याची एकच यादी करून भिंतीवर लावता येत नाही. ही सहल तसं करायला जात नाही, म्हणून मला ती आवडली. शाळेच्या पुस्तकात हे धडे वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. इथे ते दीड-दोन किलोमीटरच्या एका चालीत येतात आणि एकमेकांना प्रश्न विचारतात.

उणिवा आणखी दोन. केन्सिंग्टन या सहलीत नाही, अंतर जास्त आहे हे खरं, पण १८४४ ची ठिणगी तिथे पडली तेव्हा निदान नकाशा तरी दाखवायला हवा होता. आणि ऑक्टाव्हियस कॅटो यांचा नुसता उल्लेख झाला. काळ्यांना मताचा हक्क मिळाल्यावर १८७१ च्या निवडणुकीच्या दिवशी या काळ्या शिक्षकाला रस्त्यात गोळी घातली गेली. सिटी हॉलपाशी २०१७ मध्ये त्यांचा पुतळा बसवला आहे. तो आम्ही नंतर आमचे आम्ही जाऊन पाहिला, तुम्हीही पाहा.

जाणाऱ्यांसाठी. चेरी हिलकडून येणाऱ्यांनी गाडी आणू नये, पॅटको ट्रेनने आठव्या रस्त्याच्या स्टेशनला उतरावं. चर्च आतून बघायची असतील तर वेळा आधी फोन करून विचाराव्यात, सहलीच्या पैशात आत जाणं धरलेलं नाही. मधे बसायला फारशी जागा नाही, ज्येष्ठांनी घडीची खुर्ची जवळ ठेवली तर बरं. बारा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये असं मला वाटतं, त्याहून मोठ्यांना जरूर न्यावं. बाहेरगावहून पाहुणे आले की लिबर्टी बेल दुपारी दाखवा, ही सहल सकाळी करा. पाचपैकी साडेचार तारे. डुए बायबलचा खुलासा न विचारता केला आणि पहिला थांबा बदलला, तर उरलेला अर्धाही देईन, असं मी बाईंना निघताना सांगितलं आहे.