घुरघुरणारा इंटरनल फिल्टर: साफ करावा, बदलावा की स्पंज फिल्टर लावावा?

रात्रीची जेवणं उरकली, टीव्ही बंद झाला, वाडी निजली की माशांच्या टाकीतला इंटरनल फिल्टर, म्हणजे पाण्यातच बुडवून ठेवलेला मोटारीचा फिल्टर, ऐकू यायला लागतो. दिवसा तो तेवढाच वाजत असतो, पण तेव्हा लक्ष जात नाही. टाकी बहुतेक घरांत माजघरात किंवा हॉलमध्ये असते आणि तिथेच कुणीतरी वडीलधारं माणूस झोपतं. त्यामुळे हा प्रश्न माशांचा कमी आणि झोपेचा जास्त होतो. रत्नागिरीच्या आसपासच्या ओळखीच्या घरांतून मला नेहमी एकच गोष्ट विचारली जाते: नवीन घेऊ, हाच दुरुस्त करू, की सरळ हवेवर चालणारा स्पंज फिल्टर लावू? माझं म्हणणं असं की आवाज कसला आहे ते कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. आवाजाआवाजात फरक असतो, आणि निम्म्या वेळा फिल्टर अगदी धड असतो.

गुळगुळ, मध्येच थुंकल्यासारखा आवाज आणि बुडबुड्यांचा लोट दिसला तर फिल्टरने हवा पकडली आहे. विहिरीवरचा पंप हवा पकडतो तेव्हा कसा ओरडतो ते कोकणात कुणाला सांगायला नको. हा त्याचाच छोटा भाऊ. एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी दोन-दोन बोटं आटतं, फिल्टरचं डोकं उघडं पडतं. पाणी भरा, फिल्टर बोटभर खाली सरकवा. वर हवेची बारीक नळी लावलेली असेल तर ती बंद करून बघा. नुकताच धुऊन लावला असेल तर आत अडकलेली हवा निघायला थोडा वेळ द्या, प्लग काढून फिल्टर पाण्यात आडवा-तिडवा हलवा.

एकसुरी घूं असा आवाज आणि टाकीच्या काचेला हात लावल्यावर थरथर जाणवली तर दोष रबरी सक्शन कपांचा. वर्ष-दोन वर्षांत ते कडक होतात, फिल्टर काचेला टेकतो आणि अख्खी टाकी तबल्यासारखी वाजते. प्लग काढा, फिल्टर आणि काच यांच्यामध्ये स्पंजचा तुकडा सरकवा, पुन्हा चालू करा. आवाज निम्म्याने उतरला तर तुम्हाला फक्त नवे कप हवेत.

आवाज फक्त लाईट गेल्यावर वाढतो का, हेही बघा. घरचा इन्व्हर्टर साध्या स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्याच्यावर पंखा जसा गुणगुणतो तसाच फिल्टरही गुणगुणतो. लाईट आली की गप्प. अशा वेळी फिल्टर बदलून काहीही हाती लागत नाही. तसंच संध्याकाळी व्होल्टेज फार उतरलं की रोटर, म्हणजे मोटारीतला पात्यांचा फिरता भाग, फिरतच नाही, जागच्या जागी थरथरतो आणि तापतो. पाण्याचा झोत बंद आणि घूं चालू, असं दिसलं तर लगेच प्लग काढा.

राहिली ती खडखड. कोरडी, खरखरीत, थांबून थांबून येणारी. हा आवाज रोटरचा, आणि इथे थोडं थांबायला हवं.

प्लग काढा, फिल्टर ताटात घ्या, खालचा स्पंजचा डबा सोडवा, वरचं झाकण उघडा. आत बोटाएवढं गोल चुंबक, त्याच्यावर पाती, मधून जाणारी दांडी आणि दांडीच्या दोन्ही टोकांना तिला धरून ठेवणारे रबरी बुश, एवढंच असतं. हे चुंबक बहुतेक छोट्या फिल्टरांत मिनिटाला ३००० फेरे घेतं, त्यामुळे आत गेलेला एक कणसुद्धा मिनिटभरात हजारो वेळा भिंतीवर घासतो. गेल्या वर्षी शेजारच्या घरातला असा फिल्टर मी उघडला तेव्हा चुंबकाला काळ्या केसांची लव फुटल्यासारखं दिसत होतं. बोटाने पुसलं तर पुसलं जात नव्हतं, बाजूला सरकून पुन्हा उभं राहत होतं. ती वाळू होती. टाकीत घालायला मुलांनी पुळणीवरून पिशवीभर वाळू आणली होती. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट असतं. त्यातलं मॅग्नेटाइट चुंबकाला चिकटून बसतं. पाण्याच्या धारेने ते निघत नाही. चिकटपट्टी गुंडाळून टिपून काढावं लागतं, आणि रोटरची खोबण कानकोरण्याच्या कापसाने पुसावी लागते. नंतर तो फिल्टर इतका शांत झाला की काकूंनी दोनदा विचारलं, चालू आहे ना रे? ती वाळू मात्र टाकीतून काढावीच लागली. तिच्यातले शिंपल्यांचे तुकडे पाणी जड करतात, ते वेगळंच.

खोबणीत शेवाळाचा बुळबुळीत थर किंवा एखादी बारीक गोगलगायही सापडते. सगळं धुऊन झाल्यावर दांडी डोळ्यांसमोर धरून बघा. सिरॅमिकची असेल तर बारीक तडा गेलेला असू शकतो, स्टीलची असेल तर वाकलेली. बुश सैल झाला असेल तर दांडी डगडगते. चुंबकावरचं आवरण फुटून ते फुगलं असेल तर ते खोबणीला घासणारच. तो रोटर गेला. एक गोष्ट मात्र दोष समजू नका: बऱ्याच फिल्टरांत पाती चुंबकावर अर्धा फेरा मोकळी फिरतात. मोटार सुरू होताना जोर मिळावा म्हणून ती तशीच बनवलेली असतात. मोडली म्हणून फेविक्विक लावणारे मी पाहिलेत. आणि आवाज जावा म्हणून खोबरेल तेल तर अजिबात घालू नका. पाण्यावर तवंग येतो आणि आवाज दोन दिवसांत परत येतो.

आता निवडीकडे येऊ. साफसफाईला पैसे लागत नाहीत, म्हणून पहिली पाळी तिचीच. दांडी, बुश किंवा रोटर गेला असेल तर सुटा रोटर मिळतो का ते दुकानात विचारा. मिळाला तर नव्या फिल्टरपेक्षा बराच स्वस्त पडतो आणि मोटारीचा सीलबंद भाग वर्षानुवर्षं टिकतो. अडचण अशी की गावातल्या दुकानांत सुटे भाग क्वचितच असतात. जुना रोटर नमुन्याला घेऊन जा, कारण नुसत्या नजरेने सारखे दिसणारे दोन रोटर एकमेकांत बसत नाहीत. सुटा भाग मिळालाच नाही, मोटारीच्या कवचाला तडा गेला असेल किंवा वायर सोललेली दिसत असेल तर दुरुस्तीचा विचार सोडा. पाण्यात बसलेल्या विजेच्या वस्तूशी तडजोड करू नये.

नवीन इंटरनल फिल्टर की स्पंज फिल्टर, हा खरा पेच. गोल्डफिश असतील तर मी इंटरनलच घ्या म्हणेन. गोल्डफिश खूप खातात, खूप घाण करतात, आणि ती घाण ओढायला जोर लागतो. गप्पी, मोली, फायटर, लहान टाकी, त्यात पिल्लं, असं असेल तर स्पंज फिल्टर डोळे मिटून घ्या. इंटरनलच्या जाळीत गप्पीची पिल्लं ओढली जातात, स्पंजवर ती उलट चरत फिरतात. स्पंज फिल्टरला पाण्यात फिरणारा भागच नाही: बाहेरचा एअर पंप हवा ढकलतो, बुडबुडे नळीतून वर चढतात, त्यांच्यामागे पाणी स्पंजमधून ओढलं जातं. खडखड कायमची संपते.

पण आवाज संपत नाही, तो जागा बदलतो. एअर पंप फळीवर ठेवला की फळी गुणगुणते. तो दोरीने टांगा किंवा जाड फोमवर ठेवा. नळीच्या टोकाला हवेचा दगड (सच्छिद्र एअर स्टोन) लावला की बुडबुडे बारीक होतात आणि त्यांचा आवाज मऊ होतो. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवणार असाल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर लाईट गेल्यावर पाणी उलटं वाहून पंपात शिरतं. विजेचं म्हणाल तर १० वॉटचा इंटरनल फिल्टर चोवीस तास चालून महिन्याला सात युनिट खातो. लहान एअर पंपाला त्याच्या निम्मीही लागत नाही, पण निवड करावी एवढा तो फरक नाही.

निवड करावी ती लाईट जाण्यावरून. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेवढं रोज होत नाही, पण पावसाळ्यात रात्र-रात्र अंधारात काढणं आपल्याला नवीन नाही. इंटरनल बंद पडला की डब्यातल्या कोंडलेल्या स्पंजला प्राणवायू मिळत नाही आणि त्यातले माशांची घाण पचवणारे उपयोगी जिवाणू मरायला लागतात. स्पंज फिल्टरला मात्र बॅटरीवरचा छोटा एअर पंप जोडला की तो रात्र सहज काढतो. या एका कारणासाठी कोकणातल्या घरात मी स्पंजच्या बाजूने झुकतो.

मागे टांगायचा हँग-ऑन फिल्टर शांत असतो हे खरं, पण पाण्याची पातळी थोडी उतरली की त्याचा धबधबा होतो. शिवाय काहींची पाण्याची धार लाईट जाऊन आल्यावर तुटते आणि मोटार कोरडी फिरते. घरात कुणी बघणारं नसेल तर आपल्याकडे तो नको. टाकीच्या वर बसवायच्या टॉप फिल्टरलाही पाणी वरून पडल्याचा आवाज असतो, झोपायच्या खोलीत तर नकोच.

बदल करायचाच ठरलं तर जुना फिल्टर लगेच काढू नका. नव्या स्पंजमध्ये जिवाणू नीट रुजायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर दोन्ही चालू ठेवा. जुन्याचा आवाज रात्री सहन होत नसेल तर त्याचा स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळून त्याचा एक तुकडा नव्याला दोऱ्याने बांधा, नळाच्या क्लोरिनच्या पाण्यात धुऊ नका. आमच्याकडच्या जांभ्यातल्या विहिरींचं पाणी मऊ आणि बहुधा थोडं आम्लधर्मी, अशा पाण्यात जिवाणू आणखी सावकाश वाढतात, म्हणून सहा आठवडे धरून चाला आणि या काळात खाणं थोडं कमी घाला. मग जुना फिल्टर धुऊन, वाळवून ठेवा. कधी टाकी गढूळ झाली तर दोन दिवस लावायला उपयोगी पडतो. सिरॅमिकची दांडी तेवढी काढून वेगळी कागदात गुंडाळा.